कोणाची वाट बघतोय? टर्मिनलमधल्या सहा एजंटांची स्थिती पाहण्याचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

रत्नागिरीजवळ चार जणांची एक सॉफ्टवेअर टीम आंबा बागायतदारांसाठी हिशेबाचं ॲप्लिकेशन सांभाळते. बागेतून किती पेट्या निघाल्या, कोणत्या गाडीने गेल्या, दलालाची पट्टी (विक्रीचा हिशेब) किती रकमेची आली, भाडं आणि हमाली किती कापली गेली आणि शेवटी बागायतदाराच्या हातात काय पडलं, हे ते जुळवून दाखवतं. मेच्या शेवटच्या आठवड्यात पेट्या उतरतात आणि हिशेब चढतात. प्रत्येक दलालाची पट्टी वेगळ्या घडणीची, त्यामुळे याच दिवसांत बारीकसारीक बदलांची मागणी एकदम येते. हे प्रकरण त्या आठवड्यातलं आहे. ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

ऑफिसात इन्व्हर्टरवर चालणारा एक छोटा लिनक्स संगणक आहे. त्यावर टीमक्सचं, म्हणजे एका टर्मिनलमध्ये (कमांड लिहायच्या पडद्यात) अनेक खिडक्या चालवणाऱ्या साधनाचं, एक सेशन, सेशनमध्ये सहा खिडक्या, प्रत्येक खिडकीत एक एजंट, म्हणजे सांगितलेलं प्रोग्रॅमिंगचं काम स्वतः कमांड चालवून करणारा एआय प्रोग्रॅम. पाच खिडक्यांत क्लॉड कोड हा एजंट, सहावीत दुसरं एक तसंच साधन. प्रत्येक एजंटाला गिटचा (कोडमधले बदल सांभाळणाऱ्या साधनाचा) स्वतंत्र वर्कट्री दिलेला, म्हणजे फोल्डर वेगळं आणि ब्रँचही (बदलांची शाखा) वेगळी. एकाच्या अर्धवट फाइली दुसऱ्याच्या पायात येत नाहीत. हा भाग टीमने सुरुवातीपासून नीट ठेवला होता आणि पुढच्या गोंधळात तोच वाचवणारा ठरला.

दोघे प्रोग्रॅमर बरेचदा घरून, एक पावसहून आणि एक देवरुखहून, एसएसएचने, म्हणजे नेटवरून सुरक्षित जोडणी करून, या संगणकावर येतात. टीमक्स निवडण्याचं कारण हेच होतं. लाइन तुटली तरी सेशन सर्व्हरच्या बाजूला जिवंत राहतं, पुन्हा जोडलं की पडदा होता तसा समोर येतो.

नेमकं काय अडलं

सकाळी दहाला सहाही कामं लावली. हिशेब तपासणाऱ्या सहकारी, ज्यांना सगळे ताई म्हणतात, ऑफिसात होत्या. साडेअकराच्या सुमारास देवरुखहून विचारणा झाली, "ताई, तीन नंबर कुठवर आलाय?" ताईंनी खिडकी उघडून पाहिली आणि सांगितलं, "चालू आहे, काम सुरू असल्याचं चक्र फिरतंय." उत्तर खरं होतं, पण त्यातून कळलं काहीच नाही.

पावणेदोनला प्रत्येक खिडकी नीट वाचली तेव्हा तीन वेगवेगळे घोळ सापडले.

दुसरी खिडकी डेटाबेसमध्ये नवा रकाना घालण्यासाठी परवानगी मागून १० वाजून २५ मिनिटांपासून थांबली होती. ३ तास २० मिनिटं "हो की नाही" असा प्रश्न पडद्यावर उभा होता. टीमक्सच्या खालच्या पट्टीत सगळ्या खिडक्यांना एकाच प्रोग्रॅमचं नाव होतं, त्यामुळे बाहेरून फरक दिसत नव्हता.

तिसऱ्या खिडकीचं दुखणं जास्त खोल होतं. अकरानंतर वळवाच्या गडगडाटात वीज गेली. संगणक इन्व्हर्टरवर होता, राउटर नव्हता. तो बंद पडून पुन्हा सुरू झाला आणि त्याच्या आतल्या जोडण्यांची नोंद पुसली गेली. त्याच क्षणी एक चाचणी एसएसएच बोगद्यातून दूरच्या सर्व्हरला प्रश्न विचारून उत्तराची वाट बघत होती. अशा वेळी आपल्या बाजूला पाठवायला काही उरलेलं नसतं. फक्त ऐकत बसलेल्या टीसीपी (नेटवर्कवरच्या) जोडणीला समोरचा गेल्याचं आपोआप कळत नाही. लिनक्समध्ये कीपअलाइव्हची, म्हणजे समोरचा जिवंत आहे का याची, पहिली चाचपणी मूळ सेटिंगप्रमाणे ७२०० सेकंदांनी, म्हणजे दोन तासांनी होते. अशीच चाचपणी किती सेकंदांनी करायची ते ठरवणारा एसएसएचचा सर्व्हर-अलाइव्ह-इंटरव्हल मूळ सेटिंगमध्ये शून्य असतो, म्हणजे बंद. क्लॉड कोडमध्ये एका कमांडला दोन मिनिटांची मूळ मर्यादा असते, पण चाचण्या लांबतात म्हणून टीमनेच ती ९० मिनिटांवर नेली होती. ती ९० मिनिटं अशी गेली. मर्यादा संपल्यावर एजंटाला फक्त "वेळ संपली" एवढंच कळलं. त्याने चाचणीच सदोष मानली आणि ती वगळण्याचा बदल लिहायला घेतला. तास वाया जाण्यापेक्षा हे वाईट, कारण हा बदल नजरेतून सुटून मुख्य ब्रँचमध्ये गेला असता तर पट्टी जुळवणीची एक तपासणी कायमची बंद पडली असती.

पाचव्या खिडकीत काम संपल्यासारखं दिसत होतं. प्रॉम्प्ट (सूचना लिहायची जागा) रिकामा, पडदा शांत. प्रत्यक्षात एजंटाने शेवटच्या परिच्छेदात प्रश्न विचारला होता: एका गाडीचं भाडं पाच बागायतदारांत पेट्यांच्या प्रमाणात वाटताना रुपयाला पूर्णांक करायचा की पैशापर्यंत ठेवायचा, आणि उरलेले पैसे कोणाच्या खात्यात टाकायचे? प्रश्न अगदी योग्य होता. ताईंनी तो दहा सेकंदांत सोडवला असता.

तिन्ही ठिकाणी "एजंट चालू आहे का?" हा प्रश्न निरुपयोगी ठरला, कारण तिन्ही प्रोसेस चालूच होत्या. विचारायला हवं होतं ते हे: हा आत्ता कोणाची वाट बघतोय, आणि केव्हापासून? मॉडेलची (दूरवरून उत्तर देणाऱ्या एआयची), स्वतः चालवलेल्या कमांडची की माणसाची? पुढचे सगळे निर्णय या प्रश्नाभोवती घेतले गेले.

तोललेले पर्याय

पहिला पर्याय म्हणजे दर पंधरा मिनिटांनी कोणीतरी सहाही खिडक्या फिरून बघायच्या. एक दिवस तो पाळला गेला. फोन आला की फेरी चुकते, आणि प्रत्येक पडदा वाचून समजून घ्यायला लक्ष लागतं.

दुसरा पर्याय प्रोसेसची अवस्था पाहण्याचा. प्रोसेसची यादी देणाऱ्या पीएस कमांडमध्ये सगळे एजंट "एस", म्हणजे झोपलेले दिसतात. नेटवर्कवरच्या उत्तराची वाट असो की कळ दाबली जाण्याची, कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) लेखी दोन्ही झोपच. सीपीयूचा आकडाही फसवतो, कारण चक्र फिरवायलाही थोडा सीपीयू लागतो. एजंटाखाली चालणाऱ्या उपप्रोसेस मोजल्या तर कमांड चालू आहे की नाही हे कळेल असं वाटलं होतं. पण एजंटाने सुरू केलेले मदतनीस सर्व्हरही तिथेच कायम असतात, त्यामुळे मोजणी कधी शून्यावर येत नव्हती.

तिसरा पर्याय टीमक्सच्या मॉनिटर-सायलेन्सचा. खिडकीत ठरावीक सेकंद काहीच छापलं गेलं नाही की खालच्या पट्टीत खूण उमटते. ३० सेकंद लावून पाहिलं तेव्हा दुसरी आणि पाचवी खिडकी लगेच पकडली गेली असती हे दिसलं. तिसरी मात्र नाही, कारण चक्र फिरतंय तोवर शांतता होतच नाही. दोनच एजंट चालवणाऱ्याने हा एक ओळीचा उपाय करावा आणि इथेच थांबावं. पुढची सगळी खटपट सहा खिडक्यांसाठी आहे.

चौथा पर्याय पडदा वाचण्याचा. कॅप्चर-पेन ही आज्ञा खिडकीतला दिसणारा मजकूर बाहेर देते, त्यात परवानगीच्या प्रश्नाचे शब्द शोधायचे. तासाभरात स्क्रिप्ट तयार झाली आणि दुपारपर्यंत तिच्या तिन्ही खोडी कळल्या. साधनाची आवृत्ती बदलली की शब्द बदलतात. एजंट फाइल वाचताना तेच शब्द पडद्यावर आणू शकतो. एका एजंटाने हीच स्क्रिप्ट उघडली आणि सगळ्यांची स्थिती दाखवणाऱ्या फलकावर स्वतःच लाल, म्हणजे परवानगीसाठी थांबलेला, दिसू लागला. आणि कोणी फोनवरून जोडलं की टीमक्स खिडकी फोनच्या रुंदीची करतं, ओळ मधेच मोडते आणि शोध चुकतो. मोडलेल्या ओळी जोडून देणारा पर्याय कॅप्चर-पेनमध्ये आहे, पण तो टर्मिनलने मोडलेल्या ओळींपुरताच. प्रोग्रॅमने स्वतः मोडलेल्या ओळी तशाच राहतात.

पाचवा पर्याय एजंटाकडूनच निरोप घेण्याचा. क्लॉड कोडमध्ये हुक असतात. ठरावीक घटना घडली की आपण दिलेली कमांड चालते आणि तिला जेसनच्या (प्रोग्रॅमना वाचता येणाऱ्या मजकुराच्या) रूपात सेशनचा क्रमांक, फोल्डर, घटनेचं नाव वगैरे मिळतं. इथे अंदाज बांधावा लागत नाही.

सहावा पर्याय मोहाचा होता: सगळ्या परवानग्याच उठवायच्या, म्हणजे थांबण्याचा प्रश्न राहत नाही. तो एका वाक्यात फेटाळला गेला, आणि ते बरोबरच झालं. त्या संगणकावर बागायतदारांचे बँक खाते क्रमांक होते.

निर्णय असा झाला: मुख्य आधार हुकचा, पडताळणी पडद्यावरून, आणि हुक न लावलेल्या सहाव्या खिडकीला फक्त शांततेची खूण.

प्रत्यक्ष काय केलं

सगळ्यात आधी राउटर इन्व्हर्टरवर घेतला. एसएसएचच्या सेटिंगमध्ये दर ३० सेकंदांनी चाचपणी आणि तीनदा उत्तर नाही आलं तर जोडणी तोडणे असं लावलं. आता मेलेली जोडणी दीड मिनिटात मोडते आणि एजंटाला "जोडणी तुटली" अशी खरी चूक दिसते. कमांडची मर्यादा ९० वरून १५ मिनिटांवर आणली. हे तिन्ही बदल मिळून अर्ध्या तासाचे होते.

मग हुक. खिडकी ओळखायला टीमक्सने दिलेलं टीमक्स-पेन (पेन म्हणजे खिडकीतला कप्पा) हे चल वापरलं, ते हुकच्या कमांडलाही वारशाने मिळतं. प्रत्येक घटनेला एक छोटी फाइल लिहायची: स्थिती, वेळ, चालू कमांड. यूजर-प्रॉम्प्ट-सबमिट (माणसाने सूचना दिली) आलं की "काम". प्री-टूल-यूज (कमांड चालण्याआधी) आलं की "काम", सोबत कमांडचं नाव आणि सुरू झाल्याची वेळ. पोस्ट-टूल-यूज (कमांड संपल्यावर) आलं की ती कमांड पुसायची. नोटिफिकेशन आलं की "माणूस हवा". स्टॉप आलं की "फेरा संपला". सेशन-एंडला फाइल काढून टाकायची.

कागदावर हे सोपं दिसतं. चुका पुढे निघाल्या, आणि पुन्हा कोणी असं करणार असेल तर त्या आधी माहीत असाव्यात.

नोटिफिकेशन मुख्यतः दोन कारणांनी येतं: परवानगी हवी असताना, आणि प्रॉम्प्ट साठ सेकंद रिकामा पडून राहिला तरीही. पहिल्या आवृत्तीत दोन्हींना लाल रंग होता. त्यामुळे काम संपवलेली प्रत्येक खिडकी मिनिटाभराने परवानगी मागू लागली. आतला संदेश वाचून दोन्ही वेगळे करावे लागले.

परवानगी दिल्याची वेगळी घटना नव्हती. प्री-टूल-यूज हे प्रश्न विचारण्याच्या आधी येतं, पोस्ट-टूल-यूज कमांड संपल्यावर. माणसाने "हो" म्हटलं आणि कमांड दहा मिनिटं चालली, तर ती दहाही मिनिटं फलक लालच राहतो. इथे पडदा वाचण्याची स्क्रिप्ट कामाला आली. लाल खिडकीपुरतं शेवटच्या काही ओळींत प्रश्न अजून उभा आहे का ते पाहायचं, नसेल तर "काम" म्हणायचं. एकटी अविश्वासू असलेली पद्धत दुसरीची पडताळणी म्हणून चांगली चालते.

एस्केप दाबून माणसाने काम मधेच थांबवलं तर स्टॉपचा हुक चालत नाही. खिडकी रिकामी, फलक मात्र "काम" म्हणतोय. म्हणून "संशय" ही चौथी स्थिती आणली. पाच मिनिटांत एकही घटना नाही आणि कमांडही चालू नाही, किंवा कमांड सुरू होऊन दहा मिनिटं झाली पण पोस्ट-टूल-यूज आलेलं नाही, की पिवळा रंग. तिसऱ्या खिडकीची ती ९० मिनिटं या नियमात दहाव्या मिनिटाला दिसली असती.

स्क्रिप्टमधली एक टंकनचूक चांगलीच महागात पडली. क्लॉड कोडमध्ये प्री-टूल-यूजचा हुक २ हा निकाल देऊन संपला तर ती कमांड अडवली जाते, आणि शेलमध्ये वाक्यरचनेची चूक असेल तर स्क्रिप्ट नेमका २ हाच निकाल देते. स्थिती नोंदवणाऱ्या स्क्रिप्टमुळे पाचही एजंटांची प्रत्येक कमांड अडू लागली. स्क्रिप्टच्या शेवटी शून्य (यशस्वी) हा निकाल लिहून भागत नाही, कारण चूक त्याआधीच स्क्रिप्ट थांबवते. हुकच्या सेटिंगमध्येच "हे फसलं तरी यशस्वी समज" अशी जोड द्यावी लागली. नोंद ठेवणाऱ्या गोष्टीला काम अडवण्याचा अधिकार असू नये, हा नियम टीमने तेव्हा लिहून ठेवला.

दोन बारीक गोष्टी. फाइल आधी तात्पुरत्या नावाने लिहून मग नाव बदलायचं, नाहीतर फलक अर्धवट फाइल वाचतो. आणि टीमक्सचे पेन क्रमांक सर्व्हर पुन्हा सुरू झाला की पुन्हा शून्यापासून लागतात. संगणक एकदा बंद होऊन सुरू झाल्यावर कालच्या तिसऱ्या पेनची स्थिती आजच्या तिसऱ्याला चिकटली. तेव्हापासून फाइलच्या नावात टीमक्स सर्व्हरचा प्रोसेस क्रमांकही जोडतात.

पाचव्या खिडकीचा प्रश्न, म्हणजे "फेरा संपला" पण काम संपलं का, हा हुकने सुटणारा नव्हता. स्टॉपचा अर्थ एजंटाचं बोलणं संपलं एवढाच. म्हणून प्रत्येक एजंटाच्या सूचनांच्या फाइलमध्ये सांगितलं की थांबण्याआधी एका फाइलीत पहिला शब्द "झालं", "अडलं" किंवा "प्रश्न" असा लिहायचा, पुढे एक ओळ. फलक ती ओळ दाखवतो. "झालं" या शब्दावर मात्र विसंबायचं नाही. ब्रँचवर कमिट (नोंदवलेला बदल) आहे का, चाचण्या पास आहेत का आणि चाचण्यांची संख्या घटली आहे का, हे स्क्रिप्ट स्वतः बघते. शेवटची तपासणी तिसऱ्या खिडकीने शिकवलेली आहे.

फलक म्हणजे एका वेगळ्या खिडकीत दर पाच सेकंदांनी उमटणारा सहा ओळींचा तक्ता. कामाचं नाव, कोणाची वाट, किती मिनिटं, शेवटची ओळ. माणसाची सर्वांत जास्त वेळ वाट बघणारा सगळ्यात वर. मिनिटांचा रकाना पहिल्या मसुद्यात नव्हता. नंतर सगळ्यात जास्त वाचला जाणारा रकाना तोच निघाला. केव्हाची आहे हे माहीत नसलेल्या स्थितीवर कोणी निर्णय घेत नाही. आवाज करणारी सूचना वापरून पाहिली आणि दुसऱ्या दिवशी काढली. त्याऐवजी लाल स्थिती पाच मिनिटांपुढे गेली तरच फोनवर एक संदेश जातो.

काय बदललं

पुढच्या दोन आठवड्यांत परवानगीसाठी तासाच्या वर थांबलेली एकही खिडकी सापडली नाही. एकदा वीज जाऊन लाइन तुटली तेव्हा फलक पिवळा झाला आणि पावसच्या प्रोग्रॅमरने बोगदा पुन्हा जोडून एजंटाला कारण सांगितलं. या वेळी चाचणीला हात लागला नाही. दिवसातून एक-दोनदा खोटा पिवळा दिसतो, तो मुद्दाम तसाच ठेवला आहे. मर्यादा वाढवली की खरा अडथळा उशिरा दिसतो.

अनपेक्षित गोष्ट पहिल्याच दिवशी दिसली. दुपारी बराच वेळ तीन ओळी एकदम लाल असायच्या, आणि उत्तर देणारी माणसं दोन. सहा एजंट चालवल्याने काम वाढत नव्हतं, रांग वाढत होती. टीमप्रमुखांनी संख्या चारवर आणली. हिशेबाच्या नियमांचे प्रश्न ज्यात येणार अशी कामं ताई ऑफिसात असतानाच लावायची असंही ठरलं, कारण त्या प्रश्नांची उत्तरं त्यांनाच देता येतात.

पुन्हा करायचं झालं तर

क्रम बदलायला हवा होता. फलक बांधण्याआधी परवानग्यांची यादी साफ करायची होती. पहिल्या आठवड्यात आलेले बरेच लाल प्रश्न चाचणी चालवू का, फाइल शोधू का, गिटची स्थिती पाहू का, असे निरुपद्रवी होते. फक्त वाचणाऱ्या आणि चाचणीच्या कमांड सेटिंगमध्ये आधीच मंजूर करून ठेवल्या असत्या तर त्यांपैकी बहुतेक उगवलेच नसते. डेटाबेसचा बदलही आधी स्थानिक प्रतीवर करू द्यायचा आणि परवानगी फक्त खऱ्या डेटाबेसपाशी मागायची, ही सोय नंतर केली. ती पहिल्या दिवशी हवी होती.

दुसरी चूक ९० मिनिटांच्या मर्यादेची. ती वाढवताना "चाचण्या लांबतात" एवढंच पाहिलं. सगळ्यात लांब चाचणीला किती वेळ लागतो हे मोजलंच नव्हतं. नंतर मोजलं तेव्हा ती ११ मिनिटं निघाली. त्यावर चार मिनिटांची सूट देऊन १५ हा आकडा आला. ती एक चाचणी चालू असताना संशयाची दहा मिनिटांची सीमा दरवेळी पिवळी होते, म्हणून तिचं नाव स्क्रिप्टमध्ये वेगळं नोंदवून तिच्यापुरती सीमा १३ केली आहे.

उपएजंटांचं, म्हणजे एजंटाने स्वतः कामाला लावलेल्या दुसऱ्या एजंटांचं, कोडं अर्धंच सुटलं आहे. एका खिडकीत मुख्य एजंट परवानगीसाठी थांबलेला असताना त्याचा उपएजंट कमांड चालवत असेल, तर उपएजंटाचा पोस्ट-टूल-यूज त्याच फाइलवर लिहून लाल पुसून टाकतो. तूर्त उपाय असा की लाल स्थिती हुकने पुसायचीच नाही, पडद्यावरून प्रश्न गेल्याची खात्री झाल्यावरच पुसायची. त्यामुळे हिरवं व्हायला पाच-दहा सेकंद उशीर होतो, तेवढा चालतो.

सहाव्या खिडकीवर अजूनही फक्त ३० सेकंदांच्या शांततेची खूण आहे. तिच्यात चक्र फिरत राहिलं आणि आतून काम मेलं तर फलकाला ते कळणार नाही. म्हणून नेटवर्क लागणारं काम त्या खिडकीत देत नाहीत; पट्ट्यांचे जुने नमुने एका साच्यात आणण्यासारखी, संगणकावरच्या संगणकावर उरकणारी कामं तिथे जातात.